फिलोमीनला न म्हणवणारं वाक्य

आमच्या रोह्यात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यामुळे माळेची प्रार्थना म्हणायला ती मंडळी आळीपाळीने एकमेकांकडे जमतात. माझ्या शेजारच्या फिलोमीनकडे जमली की मीही खुर्ची घेऊन दारात बसते. देवभोळी मी नाही. पण फिलोमीनचा आवाज गोड आहे, आणि नंतरच्या चहाला मी नाही म्हणत नाही.

तिचं माहेर कोर्लईचं. नवरा इनास धाटावला एका कंपनीत बॉयलरवर होता. शिफ्ट कुठलीही असो, तो घरी आला की दोघं माळ म्हणणारच. त्यांची रीत अशी की प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग एकाने सांगायचा आणि पुढचा बाकीच्यांनी म्हणायचा. ‘हे आमच्या स्वर्गातील बापा’ इथपासून ‘तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ इथपर्यंत फिलोमीन सांगायची. तिचं संपतं न संपतं तोच इनास ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ म्हणून सुटायचा. देवाच्या इच्छेपेक्षा याला भाकरीचीच पडलीय, असं म्हणून ती त्याला सगळ्यांदेखत चिडवायची.

निवृत्त होऊन वर्ष झालं नाही तोच इनासला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. त्यांची मुलगी लिझा पेणला रामवाडीत राहते. तिने तिथल्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, बोलणं परत येईल किंवा येणारही नाही, वाट बघा. भेटायला येणारा प्रत्येक जण फिलोमीनला सांगून जाई, देवाची इच्छा. मला या दोन शब्दांची चीड आहे. दुसऱ्याचं घर बसलं की देवाची इच्छा, आणि स्वतःची दाढ दुखली की लगेच दवाखाना.

फिलोमीन कोणाला उलटून बोलली नाही. तिने फक्त माळ सांगणं सोडलं. दुसऱ्यांकडे जाऊन मागे बसायची आणि भाकरीचा भाग तेवढा सगळ्यांबरोबर म्हणायची. घरी तर ओठही न हलवता मणी सरकवायची. एकदा मी विचारलंच, तेव्हा ती म्हणाली, "मालतीताई, इच्छेचं ते वाक्य माझ्या तोंडातून निघत नाय. भाकर मागता येते, तेवढीच मागते." मी म्हटलं, मग गाळ की ते, देव काही कान पिळणार नाही. त्यावर ती म्हणाली की गाळलं तर चोरी आणि नुसतं तोंडाने म्हटलं तर खोटं, यातलं बापासमोर काय करू?

ऑक्टोबर हा त्यांचा माळेचा महिना. घरं फिरत फिरत पाळी तिच्यावर आली. ज्याचं घर त्यानेच सांगायचं असतं. मला उगाच धाकधूक वाटत होती. इनासला उशीला टेकवून खाटेवर बसवला होता. फिलोमीनने सुरुवात केली आणि त्या वाक्यापाशी येऊन थांबली. पुढे बसलेल्या बाईने तिच्यासाठी ते म्हणायला तोंड उघडलं, पण फिलोमीनने हाताने तिला गप्प केलं. मग भिंतीवरच्या तसबिरीकडे बघून ती घरातल्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

"तुझ्या इच्छेप्रमाणे होवो. मला ती पटलेली नाय. पण तू बाप हायस, माझ्यापेक्षा लांबचं बघतोस. होवो."

आता पुढचा अर्धा भाग बाकीच्यांनी म्हणायचा होता. तेवढ्यात खाटेवरून जड, घोगऱ्या आवाजात शब्द आले, "आमची रोजची भाकर..." इनास अडखळत, पण एकही शब्द न चुकवता थेट आमेनपर्यंत गेला. मी रडले. फिलोमीनने डोळेसुद्धा पुसले नाहीत. तिने पुढचा मणी धरला.

मला वाटलं, वाचा आली. सकाळी धावत गेले, तर इनास पाण्यासाठी तांब्याकडे बोट दाखवत होता. लिझाने डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले की असं होतं, जन्मभर घोकलेलं कधीकधी शिल्लक राहतं, पण ते आपणहून बाहेर येत नाही, ओळखीच्या कोणीतरी सुरुवात करून द्यावी लागते. लिझाने करून बघितली, मीही केली. तो आमच्याकडे नुसता बघत राहिला. फिलोमीनने केली की तो बोलतो.

म्हणजे आता नवऱ्याचा आवाज ऐकायचा असेल तर तिला रोज आधी ते वाक्य म्हणावं लागतं. काही संध्याकाळी ती तिथे बराच वेळ थांबते. इकडे मी टीव्हीचा आवाज कमी करून बसते. मग ती म्हणते, आणि तो भाकर मागतो.