मंदाताईंचे सात किलो

काट्यावर 'ई' आलं आणि दवाखान्यातल्या सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

अंबरनाथ पूर्वेला डॉ. सामंत मॅडमचा दवाखाना होता. त्यांच्या काट्याची बॅटरी बदलून मी तो नुकताच जागेवर ठेवला होता. पहिल्याच पेशंट बाई वर उभ्या राहिल्या, आकडे धावले आणि अक्षरावर जाऊन थांबले.

"राणे, आत्ताच दुरुस्त केलात ना हा?" मॅडम म्हणाल्या.

"काटा ठीक आहे मॅडम. याची कपॅसिटीच एकशे वीस किलोची आहे, त्यावर गेलं की 'ई' येतं."

हे मी मोठ्याने बोललो. माझ्या कामाचा प्रश्न होता. बाकावर बसलेले दोघं हसले. बाई खाली उतरल्या, चपला घातल्या आणि चपलांकडेच बघत राहिल्या. त्या मंदाताई. बदलापूरला राहायच्या, घरून पोळीभाजीचे डबे द्यायच्या. त्यांचा नवरा दिनेश आनंदनगर एमआयडीसीत कामाला होता.

त्यांना बेंबीपाशी हर्निया होता. म्हणजे पोटाचा पडदा तिथे विरतो आणि आतलं आतडं बाहेर डोकावतं. परात उचलली की दुखायचं. कल्याणच्या सर्जननी वजन न करता, नुसतं बघूनच सांगितलं होतं, आधी वजन एकशे दहाच्या आत आणा, मग ऑपरेशन. एवढ्या वजनात भूल देणं धोक्याचं आणि टाकेही टिकत नाहीत. म्हणून त्या सामंत मॅडमकडे आल्या होत्या.

"आज वजन किती हेच कळलं नाही, तर कमी झालं हे मी कशावरून ठरवू?" मॅडम म्हणाल्या.

मघाशी मोठ्याने बोललो त्याची भरपाई करावी म्हणून मी मध्ये पडलो. "उल्हासनगरला एक गोडाऊन आहे मॅडम. तिथला काटा तीनशेपर्यंत जातो. मीच बघतो तो."

"कसलं गोडाऊन?"

"भंगाराचं."

मॅडमनी मंदाताईंकडे पाहिलं. मंदाताईच म्हणाल्या, "जाते की. विकत घेणार नसतील तर काय हरकत आहे?"

आता माझ्या धंद्याचं थोडं सांगतो. मी काटे दुरुस्त करणारा. सरकारी लायसन असलेला. दुकानदारांचे काटे दुरुस्त करायचे, वजनमापं खात्याकडून तपासून त्यांच्यावर शिक्का घ्यायचा, त्याला आम्ही स्टँपिंग म्हणतो. इलेक्ट्रॉनिक काट्याला स्वतःची अक्कल नसते. त्याला एकदा शिकवावं लागतं, ते कॅलिब्रेशन. शंभर किलोचं वजन ठेवायचं आणि बटणं दाबून सांगायचं, हे शंभर. पुढे तो त्याच हिशोबाने तोलतो. पण शंभर किलो ठेवून कोणी सांगितलं की हे चौऱ्याण्णव, तर काटा तेही मानतो.

भंगारवाला माल विकत घेतो. म्हणजे काट्यावर माल जितका कमी दिसेल तितका त्याचा फायदा. उल्हासनगरच्या त्या गोडाऊनचे मालक बबनशेठ. त्यांचा काटा स्टँपिंग झाल्यावर मीच चौऱ्याण्णववर आणला होता. बबनशेठ आता नाहीत. त्यांच्यावर ढकलत नाही. त्यांनी सांगितलं, पण बटणं मी दाबली.

मग तिथे एका आजारी बाईला कसं पाठवलं? त्या वेळी माझ्याकडे उत्तर तयार होतं. दर वेळी काटा तोच असणार. चूक प्रत्येक वेळी तेवढीच. खरा आकडा कळला नाही तरी उतार कळेल, आणि डॉक्टरांना उतारच हवा. हे गणित चुकीचं नव्हतं. फक्त सर्जनचा एकशे दहाचा आकडा मी त्यात धरला नव्हता.

पहिल्या दिवशी मी बरोबर गेलो. तांब्याच्या तारांची गोणी बाजूला करून हमालांनी लोखंडी प्लेट पुसली. बबनशेठ ओरडले, "ए, तोंडं फिरवा रे तिकडे! काय तमाशा आहे?" सगळे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मंदाताई चढल्या. एकशे तीस दिसले. मी मनात हिशोब केला. खरे एकशे अडतीस.

मॅडमनी औषध सुरू केलं, थायरॉइड तपासला, खाणं आखून दिलं. मंदाताईंची अडचण वेगळी होती. डबेवाल्या बाईला भाजी चाखावी लागते. मीठ कमी पडलं तर गिऱ्हाईक जातं. त्यांनी चाखायचं काम सासूबाईंकडे दिलं. सासूबाई म्हणायच्या, "घ्या, आता ही बारीक व्हनार आनि मी फुगनार."

दर महिन्याला त्या उल्हासनगरला यायच्या. हमाल न सांगता तोंड फिरवायचे. बबनशेठ आकडा वाचून दाखवायचे. "वहिनी, भाव उतरला बघा तुमचा."

"उतरू द्या शेठ. माल चांगला आहे."

त्या खरंच उतरत होत्या. आकडा एकशे वीसच्या खाली आला तरी मॅडम म्हणाल्या, तोलायचं त्याच एका काट्यावर, म्हणजे तुलना खरी राहील. संध्याकाळी स्टेशनपर्यंत चालत जाऊन परत यायच्या. ब्लाउज आत घेऊन घेऊन टेलर कंटाळला. वर्ष होत आलं तेव्हा एके दिवशी काट्यावर एकशे नऊ आले. मंदाताई प्लेटवरून उतरेनात. पुन्हा पुन्हा वाचत होत्या. मग त्यांनी पिशवीतून फुटाणे काढले आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या असलेल्या हमालांना एकेकाला हाक मारून वाटले. मलाही मूठभर दिले. मी खाल्ले. खरं वजन एकशे सोळा होतं, ते मला ठाऊक होतं. मी सांगायला हवं होतं. म्हटलं, इतके किलो गेलेत, सर्जन काय सहा-सात किलोंवरून अडून बसणार आहे?

सर्जन अडून बसले.

पुढच्या आठवड्यात ऑपरेशनची तयारी म्हणून कल्याणला तपासणी होती. मध्ये दिनेशच्या भाच्याची हळद झाली. आमच्याकडच्या हळदीत लग्नापेक्षा जास्त माणसं जेवतात, आणि मटण असतं. मंदाताईंनी तिथे एक भाकरी आणि ताक घेतलं. हे त्यांनी नंतर अनेकदा सांगितलं. कोणी मानलं नाही. कारण हॉस्पिटलच्या काट्यावर एकशे सोळा भरले.

"मॅडमच्या चिठ्ठीत एकशे नऊ आहे," सर्जन म्हणाले. "एका आठवड्यात सात किलो? काय खाल्लंत?"

ऑपरेशन पुढे ढकललं. घरी सासूबाई म्हणाल्या, "हलदीला एकटीनंच बोकड खाल्लास का गो?" शेजारी हसले. दिनेश हसला नाही, पण तो मंदाताईंच्या बाजूनेही बोलला नाही. म्हणाला, "काटा काय खोटं बोलेल?"

त्याच संध्याकाळी सामंत मॅडमचा फोन आला. "राणे, एकच विचारते. तो गोडाऊनचा काटा बरोबर आहे ना?"

"हो मॅडम. स्टँपिंग झालंय त्याचं."

"तुम्ही सांगताय म्हणजे असणारच. मग बाईंनीच काहीतरी खाल्लं."

स्टँपिंग झालं होतं हे खरं. एवढ्या एका खऱ्या वाक्यात मी सगळं खोटं बसवलं. लायसन गेलं असतं, पोलीस केस झाली असती, मुलीचं लग्न ठरत होतं. कारणं होती. मला आजही पाठ आहेत.

फोन ठेवल्यावर मला भीती वाटली की मॅडम कोणाला तरी काटा बघायला पाठवतील. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी गोडाऊनला गेलो आणि काटा शंभरला शंभर करून टाकला. बबनशेठ चिडले. "मिस्त्री, धंदा बसवणार का माझा?" मी म्हटलं, थोडे दिवस राहू द्या.

आपण निदान काटा तरी खरा केला, असं मला वाटलं. दुपारी मंदाताई आल्या.

त्या एकट्याच आल्या होत्या. हॉस्पिटलचा काटा चुकला असेल अशी त्यांना आशा होती. हमाल फिरले. त्या चढल्या. एकशे सोळा.

बबनशेठनी या वेळी आकडा वाचून दाखवला नाही. मंदाताई खाली उतरल्या. मी टेबलाशीच उभा होतो.

"राणेभाऊ," त्या म्हणाल्या, "माझं चुकलं कुठे?"

आठवड्यापूर्वी याच प्लेटवर त्या एकशे नऊ होत्या. आज याच प्लेटवर एकशे सोळा. त्यांच्याविरुद्धचा पुरावा पक्का झाला होता आणि तो मी सकाळी तयार करून ठेवला होता. मी म्हटलं, "होतं असं कधी कधी. अंगात पाणी धरतं."

त्या दिवसापासून त्यांनी जेवण जवळजवळ सोडलं. मॅडमना सांगितलं नाही. सकाळी चहा, संध्याकाळी काकडी. डबे मात्र चालू होते. स्वतः उपाशी राहून दुसऱ्यांच्या पोळ्या लाटायच्या. एकदा गॅससमोरच चक्कर येऊन पडल्या. तरी सासूबाई म्हणाल्या, "नाटकं."

महिना-दीड महिन्याने हर्नियात आतडं अडकलं. ही वेळ वाईट असते. आतड्याचा रक्तपुरवठा थांबतो आणि थांबायला सवड नसते. दुपारी रिक्षातून कल्याणला नेलं. आधी पुढे ढकलणाऱ्या सर्जनना आता वजन बघायला वेळ नव्हता. त्यांनी आतड्याचा तुकडा कापून ऑपरेशन केलं. जे ठरवून सुखाने झालं असतं, ते घाईत झालं. मंदाताई बरेच दिवस हॉस्पिटलात राहिल्या. जगल्या. डबे मात्र बंद झाले, कारण त्यानंतर जड उचलायचं नाही असं सांगितलं होतं.

मी भेटायला गेलो होतो. शहाळं घेऊन गेलो होतो.

गोष्ट इथे संपली असती. पण वर्षं गेली तरी हळदीची गोष्ट उरली. बदलापूरला त्यांच्या नात्यात कोणी जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतलं की लोक म्हणतात, "मंदाताईची हळद करतोस का?" ज्यांनी मंदाताईंना पाहिलंही नाही, तेही म्हणतात.

या वर्षी सामंत मॅडमनी दवाखाना बंद केला. जुन्या पेशंटांनी छोटा निरोप समारंभ ठेवला. मलाही बोलावणं होतं. मॅडम छान बोलल्या. पेशंट डॉक्टरला कसे फसवतात याचे किस्से सांगितले. त्यात हळदीचा किस्साही आला. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. लोक हसले. तिसऱ्या रांगेत मंदाताई बसल्या होत्या. त्याही हसल्या. इतक्या वर्षांत त्यांना हसायची सवय झाली होती. मला ते बघवलं नाही.

दोन दिवसांनी मी बदलापूरला त्यांच्या घरी गेलो. सासूबाई आता नाहीत. दिनेश रिटायर होऊन घरीच असतो. मी बसलो आणि सगळं सांगितलं. चौऱ्याण्णव, फोन, सकाळी सरळ केलेला काटा. मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर उठून गेलो असतो.

मंदाताई म्हणाल्या, "म्हणजे मी एकशे नऊ कधी झालेच नव्हते."

"नाही."

"मी फुटाणे वाटले होते."

मी मान हलवली.

"आणि हळदीत मी काही खाल्लं नव्हतं."

"नव्हतं."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "ऐकलंत का?"

"ऐकलं," दिनेश म्हणाला.

"मग म्हणा ना."

"नव्हतं खाल्लंस."

"मोठ्याने. शेजारी ऐकू जाऊ दे."

दिनेश मोठ्याने म्हणाला. तो उठून गॅलरीत गेला.

मी म्हटलं, "मॅडमना मी आजच फोन करतो."

"करा. पण फोन एकीलाच जातो भाऊ. गोष्ट सगळीकडे गेलीय. लिहा कुठेतरी. आणि नाव मंदाच लिहा. बदललंत तर लोक म्हणतील, ही दुसरीच कोणी."

मला चहा विचारला नाही. बरोबरच केलं.

मॅडमना त्याच दिवशी फोन केला. त्या एवढंच म्हणाल्या, "मी तुम्हाला विचारलं होतं, राणे." आणि फोन ठेवला. लायसन मी समारंभाआधीच सोडून दिलं होतं, त्यामुळे आता जाण्यासारखं माझं काही नाही. म्हणूनच हे लिहायला जमलं, हेही खरं आहे.

वाचणाऱ्यांना कामाची एक गोष्ट सांगतो. काटा नवा आहे का, शिक्का आहे का, हे बघून भागत नाही. ज्याचं वजन पक्कं ठाऊक आहे अशी एखादी वस्तू, सिमेंटची न फोडलेली गोणी म्हणा, आधी त्याच्यावर ठेवा. पन्नास दिसले तर पुढचं तोला. भंगार विकताना हे करा, आणि माणूस तोलताना तर कराच. चुकीचं तोललेलं भंगार परत येऊन कोणाला विचारत नाही, की माझं चुकलं कुठे.