कवळीवाल्याच्या तोंडातलं सोनं

कवळीवाल्याच्या तोंडात सोनं आहे, अशी त्या रस्त्यावर कुजबुज होती. सुरुवात कुणी केली ते विचारू नका. इस्त्रीवाला न्हाव्याकडे बोट दाखवायचा आणि न्हावी इस्त्रीवाल्याकडे. पण एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं: हा माणूस पूर्वी खदखदून हसायचा, आता ओठ मिटून नुसता हुंकार भरतो. का? तर बँकेने कार्डावर वारेमाप पैसा दिलाय, त्याने दाढा सोन्याने मढवून घेतल्यात, आणि कुणी उसने मागेल म्हणून तोंड उघडत नाही.

"बघा ना, एकाच बाजूने चावतो," न्हावी गिऱ्हाइकाच्या कानाशी कात्री वाजवत म्हणायचा. "दुसऱ्या बाजूची तिजोरी झिजेल."

त्या भागातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू कवळीवाल्याच्या हातचं. जिन्याखालच्या खोलीत त्याचा कारखाना. फळीवर प्लॅस्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि कुठला जबडा कुणाचा हे त्याला तोंडपाठ. "हा वरचा वकिलाचा," तो सांगायचा. "भर कोर्टात निसटला होता, तेव्हापासून कमी बोलतो. त्याची बायको मला अजून दुवा देते." उस्तादाने त्याला एकच गोष्ट घोटून शिकवली होती. कबूल केलेला दिवस म्हणजे दिवस. तुझ्यासाठी ती तारीख असेल, पण कुणीतरी घरी पातळ पेज पीत बसलेलं असतं.

कार्ड घेतलं ते कवळ्या घासायच्या यंत्रासाठी. पुढे दवाखाने मोठ्या कारखान्यांतून दात मागवायला लागले आणि जिन्याखालचं काम आटलं. गंमत अशी की काम जसं आटत गेलं, तशी कार्डाची मर्यादा फुगत गेली. न मागता फोनवर संदेश यायचा, 'अभिनंदन'. पहिला संदेश त्याने कौतुकाने मेहुण्याला दाखवला. मेहुणा शाळेत कारकून, त्यामुळे घरात कागदपत्रांच्या बाबतीत शेवटचा शब्द त्याचा.

"दाजी, बँक माणूस ओळखते," मेहुणा म्हणाला होता. पुढे तो शपथेवर सांगायचा, की मी तेव्हाच नको म्हटलं होतं.

भाडं कार्डावर, प्लॅस्टर कार्डावर, सासूचं आजारपण कार्डावर. वर्षाला चाळीस टक्क्यांच्या वर व्याज. किमान रक्कम तेवढी कवळीवाला दर महिन्याला भरायचा, कबूल केलेल्या तारखेला, एक दिवस इकडे नाही की तिकडे नाही. बादली भरतोय आणि बूड गळतंय, हे त्याला कळत होतं. पण उस्तादाची शिकवण अंगात मुरलेली.

शेवटी बायकोनेच पदर खोचला. "अहो, ज्यांनी डोळे झाकून दिलं, त्यांना कुणी जाब विचारायचा की नाही?" मेहुण्याने बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या कचेरीकडे तक्रार लिहिली, 'बेजबाबदार कर्जवाटप' हे शब्द दोनदा घालून. तक्रार मान्य झाली तर व्याज माफ होणार होतं आणि खोली वाचणार होती. नाही झाली तर यंत्र आणि खोलीची अनामत दोन्ही जाणार होतं. बायकोने त्याच्याकडून एक वाक्य आठवडाभर घोकून घेतलं.

सुनावणीच्या खोलीत काचेचं टेबल होतं आणि खुर्च्या अशा बुटक्या की गुडघे छातीला लागावेत. तक्रारी ऐकणाऱ्या बाई बऱ्या होत्या. त्यांनी पाणी दिलं.

कवळीवाल्याने वाक्य म्हटलं, "तोंडाचं माप घेतल्याशिवाय मी कवळी करत नाही. बँकेने माझं माप कधी घेतलं?"

बाईंनी ते लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "बँक म्हणते, घेतलं होतं. तुम्ही एकदाही तारीख चुकवली नाहीत, तेच त्यांचं माप. आता मला सांगा, कमाई निम्म्यावर आली होती, मग दर महिन्याला भरत कुठून होतात?"

"धंद्यातून."

"कुणाकडून उसने घेतलेत? काही विकलंत? तसं असेल तर सांगा. ओढाताण होती आणि बँकेने ती बघायला हवी होती, असं मला लिहिता येईल. त्याशिवाय नाही."

कवळीवाल्याची जीभ डाव्या गालात गेली. बायको त्याच्याकडे बघत होती. तेवढ्यात मेहुण्याने घसा साफ केला.

"छे हो, बाई. आमचे दाजी कुणापुढे हात पसरणारे नव्हेत. एवढं सगळं झालं, पण घरातली वस्तू विकायची वेळ त्यांनी आणली नाही. म्हणून तर ताई आज इथे ताठ मानेने बसलीय."

आणि ताई खरोखरच जरा ताठ बसली.

"बरोबर," कवळीवाला म्हणाला. "काही विकलं नाही. धंद्यातूनच."

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं.

तिथेच सगळं संपलं. निकाल नंतर आला एवढंच: नियमित भरणा करणाऱ्या ग्राहकाची मर्यादा वाढवण्यात गैर काही दिसत नाही, व्याज कायम. सुनावणीनंतर जिना उतरताना बायको म्हणाली होती, "मापाचं वाक्य छान म्हणालात." मेहुण्याने मान डोलावली होती.

यंत्र गेलं. खोली गेली. प्लॅस्टरचे जबडे पोत्यात भरून त्याने घरोघर विचारलं, कुणाला आपापला हवाय का. वकिलाच्या बायकोनेसुद्धा दार अर्धंच उघडलं. पोतं मग कचऱ्याच्या गाडीत गेलं. आता तो घरात खिडकीपाशी बसतो. बायको दुसऱ्यांचे कपडे शिवते, आणि किमान रक्कम अजूनही तारखेला जाते. मुद्दल जिथल्या तिथे आहे. न्हावी अजून म्हणतो, त्याला कसली काळजी, सोनं आहे ना तोंडात.

कवळीवाल्याच्या तोंडात सोनं नव्हतं. पूर्वी होतं. शिकाऊपण संपलं तेव्हा उस्तादाने त्याच्या डावीकडच्या दोन दाढांवर सोन्याच्या टोप्या बसवल्या होत्या. सुनावणीच्या आधीच आरशासमोर बसून त्याने त्या स्वतःच्या चिमट्याने काढल्या, विकल्या आणि दोन महिन्यांची किमान रक्कम भरली.