प्रेमकथेत आलेलं लेकरू

मी अंतराळातल्या प्रेमकथा लिहिते. असं सांगितलं की ऊर्जानगरातल्या, म्हणजे आमच्या वीज केंद्राच्या वसाहतीतल्या बायका आधी हसतात, मग विचारतात, "म्हणजे चांदोबावरच्या का?" मी हो म्हणते, कारण ते अगदीच खोटं नाही. मोबाईलवर गोष्टी वाचायचं एक अ‍ॅप आहे, त्यावर माझं एकेक प्रकरण येत राहतं. वाचणाऱ्यांत नर्सा आहेत, दुकानात बसणाऱ्या बायका आहेत, बल्लारपूरहून गाडीनं ये-जा करणाऱ्या कॉलेजच्या पोरी आहेत. मी बहुतेक स्वयंपाकघरातच लिहिते. फोन भिंतीला टेकवायचा, बोलत जायचं आणि तो टाइप करत जातो. भाजी चिरता चिरता माझी माणसं एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहावर पोचतात.

नवरा वीज केंद्रात, कंट्रोल रूमला. पाळीनं काम. तो कमी बोलणारा माणूस. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, आणि त्याबद्दल बोलून बोलून आमचे शब्द संपले होते. मग आम्ही दत्तकासाठी नाव नोंदवलं आणि वाट पाहायला लागलो.

त्याच काळात मी एक मोठी मालिका लिहीत होते. एका मालवाहू अंतराळजहाजावरची मेकॅनिक आणि एका ओसाड चंद्रावर हवामानाच्या नोंदी ठेवणारा एकटा माणूस. दोघं भेटायच्या आधीच रेडिओवर बोलता बोलता एकमेकांत गुंततात. वाचणाऱ्यांना लग्नाची घाई झाली होती. पण मी मध्येच एक फुटलेलं जहाज आणलं आणि त्यातून वाचलेलं एक लेकरू. "प्रेमकथेत लेकरू काऊन आणलं मॅडम?" असं कितीतरी जणींनी लिहिलं. काऊन आणलं ते मला माहीत होतं. ते लेकरू दार उघडताच मेकॅनिकबाईकडे हात पसरून धावत येतं असं मी लिहिलं, आणि लिहिताना स्वतःच रडले.

मग खरा फोन आला. गडचिरोलीला एक मुलगी आहे, सहा वर्षांची, येऊन भेटा.

मूल, सावली ही गावं मागं टाकत आम्ही निघालो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी साग उभा. संस्थेच्या पडवीत ती बाकावर बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. धावत वगैरे आली नाही. आधी तिनं माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग आमच्या मागे उभ्या असलेल्या गाडीकडे. तिथल्या ताईंनी आम्हाला सगळं समजावलं. काही महिने ती आमच्याकडे राहील, त्या अधूनमधून चौकशीला येतील, आणि मग जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला की ती कायमची आमची. हे ती ऐकत होती. आमचं बोलणं झाल्यावर तिनं नवऱ्याला विचारलं, "मी खिडकीत बसतो का?"

'बसतो' म्हणाली, झाडीपट्टीतल्या बायापोरी म्हणतात तसं. माझी आजी असंच बोलायची.

"बस ना," नवरा म्हणाला.

गाडी सुटल्यावर तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं ते वैनगंगेच्या पुलावर. "परत याचं असन तं हाच रस्ता का?"

नवरा म्हणाला, "हाच. दुसरा नाई."

ती मागं वळून गुडघ्यांवर उभी राहिली आणि मागच्या काचेतून रस्ता पाहत राहिली. वळणं, पाट्या, चहाच्या टपऱ्या. ती रस्ता पाठ करत होती. एवढ्याशा जिवात किती हुशारी असते, आणि ती कशासाठी लागते, हे मी तेव्हा पाहिलं.

घरी आल्यावर ती आम्हाला 'बाई' आणि 'भाऊ' म्हणायला लागली. संस्थेत सगळ्या बायकांना बाई म्हणायची सवय होती, तेच चालू राहिलं. आम्हीही काही म्हटलं नाही. ती जेवायची, सांगितलं ते करायची, ताट धुऊन ठेवायची. फक्त झोपताना पायात चपला असायच्या. मी काढायला गेले की पाय आखडून घ्यायची. निळ्या रबरी चपला, गादीवर. मी गादीवर एक जुनी चादर टाकली आणि विषय सोडून दिला.

त्या दिवसांत माझी मालिका अडली. वाचणाऱ्या विचारत होत्या, पुढचं प्रकरण कधी? मी फोन भिंतीला टेकवायचे आणि तोंडातून एक वाक्य निघायचं नाही. माझं ते हात पसरून धावणारं लेकरू मला आता ओळखीचं वाटत नव्हतं.

एका संध्याकाळी वीज केंद्रातून वाफ सुटली. इथं राहणाऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. बॉयलरमधला दाब वाढला की जादाची वाफ बाहेर सोडतात. पण आवाज असा होतो की आभाळ फाटलं. मी गॅलरीतून आत धावले तर ती दिसेना. पलंगाखाली पार भिंतीशी जाऊन बसली होती, कानांवर हात. मी वाकून हाका मारल्या, बिस्किटं दाखवली, गाणं म्हटलं. तिनं डोळे उघडले नाहीत.

नवरा ड्यूटीवरून आला. खांद्यावर राखेची बारीक भुकटी, हातात डबा. त्यानं डबा तिथंच ठेवला, फरशीवर पालथा झाला आणि पलंगाखाली शिरायला लागला. तो अंगानं भरलेला माणूस, कमरेपर्यंतच आत गेला. पाय बाहेर.

"कुकर पाह्यला का तू?" आतून त्याचा आवाज आला.

बाहेर त्याचे पाय जरा सरकले, आणि तोच पुढं बोलला.

"शिट्टी होते ना त्याची? हा त्याचा मोठा भाऊ हाय. लय मोठा. पोटात वाफ झाली का सोडून देते. नाई सोडली तं फुटन. म्हनून सोडते."

मग बारीक आवाज आला, "कोन सोडते?"

"कधी आपोआप सुटते. कधी आमी सोडतो."

"तुमी?"

"हो. मी बी सोडतो."

"मंग मले आधी सांगत जा ना."

"सांगत जाईन," तो म्हणाला.

आणि खरंच सांगायला लागला. तपासणीसाठी वाफ सोडायची असली की कंट्रोल रूममधून घरी फोन यायचा. माझ्याशी एक शब्द नाही. "तिले दे." मी तिच्या कानाला फोन लावायचे. ती ऐकून "हव" म्हणायची, मग दारात कमरेवर हात ठेवून उभी राहायची. आवाज झाला की खांदे थरथरायचे, पण ती हलायची नाही. संपलं की वळून मला सांगायची, "झालं आता. भाऊनं सोडली होती."

मी प्रेमकथा लिहिणारी बाई. पुरुषांचे डोळे, आवाज, हात यांची वर्णनं करण्यात माझा हात बसलेला. आणि माझ्याच घरात, पलंगाखालून बाहेर आलेले ते दोन पाय, एका मोज्याला भोक पडलेलं, ते पाहून छातीत जे झालं ते मी कधी लिहिलेलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारानंतर मी या माणसाच्या प्रेमात पडत होते. नव्यानं म्हणायलाही जीभ रेटत नाही, कारण हा माणूस मी आधी पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी लिहायला बसले. गोष्टीतलं ते लेकरू आता डोक्यावरचं हेल्मेट काढेना. जहाजात हवा आहे, ऊब आहे, तरी काढेना. जेवताना काच थोडी वर करतं, झोपताना घट्ट लावून घेतं. मेकॅनिकबाई आणि तो चंद्रावरचा माणूस रेडिओवर आता प्रेमाचं बोलत नाहीत, त्या हेल्मेटाबद्दल बोलतात. आणि तो तिकडून, इतक्या अंतरावरून, रोज त्या लेकराला सांगतो की आज वादळ किती वाजता येणार. बाईला कळतं, आपण याच माणसाची वाट पाहत होतो.

काही वाचणाऱ्या नाराज झाल्या. पण सिरोंच्याकडून एका बाईचा आवाजी संदेश आला. ओळख ना पाळख. मागं कोंबडे ओरडत होते. ती म्हणाली, "बाई, मी बी आनलेली पोरगी हाओ. तिले टोप काढाले लावू नका. थे काढन तवा काढन." एवढंच. तो संदेश मी पुन्हा पुन्हा ऐकला. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना.

आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये एक खाला, म्हणजे मुस्लिम मावशी, राहतात. मुलगा वीज केंद्रात, त्या घरी शिवणकाम करतात. पोरगी कधी जिना उतरून त्यांच्याकडे जायला लागली ते मला कळलंच नाही. चिंध्या गोळा करायची, सुईत दोरा ओवून द्यायची. त्यांनी तिला एक फ्रॉक शिवून दिला, चारी बाजूंनी खिसे असलेला. तिनंच तसा मागितला होता.

एकदा मी तिला बोलवायला गेले तर दोघींचं बोलणं चालू होतं.

"तुमी माह्या कोन?" ती विचारत होती.

मशीन थांबवून खाला म्हणाल्या, "तूच बोल बेटा. मैं कौन हूँ तेरी?"

तिनं त्यांना नीट न्याहाळलं. पांढरे केस, चष्मा, बोटातलं अंगठीसारखं शिवणकामाचं टोपण. मग म्हणाली, "बाईले आई नाई. भाऊले बी नाई. मंग मले आजी कोन? तुमी नानी व्हा."

"हो गई," खाला म्हणाल्या आणि मशीन पुन्हा सुरू केली.

मी दारातच उभी. माणसं नात्यासाठी रक्त, गोत्र, जात, किती काय काय पाहतात. इथं एका पोरीनं जागा रिकामी आहे हे पाहिलं आणि माणूस नेमून टाकला. त्या संध्याकाळी खाला वर आल्या, हातात निळ्या रबरी चपला. "नातिन भूल गई मेरे दरवाज़े पे," म्हणाल्या. पोरगी अनवाणी वर येऊन झोपलीसुद्धा होती. मी चपला घेतल्या, आणि खालांनी माझा चेहरा पाहून काही न विचारता पाठीवरून हात फिरवला.

आता ती माझी गोष्ट ऐकायला लागली होती. मी बोलून लिहायचे तेव्हा दाराआड उभी राहायची, मग आत यायची, मग ओट्याशेजारच्या डब्यावर बसून मटार सोलत सुचवायची: "त्याले भूक लागली असन, आधी जेवू घाला." एकदा आम्ही तिघं जेवत होतो. आंबाडीची भाजी, भाकर. तिनं मध्येच विचारलं, "त्या हेल्मेटवाल्या लेकराचं खरं घर कुठी हाय?"

"फुटलं," मी म्हटलं. "जहाज फुटलं ना."

"त्याचे मायबाप?"

"माहीत नाई."

"मंग त्याले शोधाले कोनी येईन का?"

गोष्टीत मी काहीही लिहू शकते, पण ती गोष्टीतलं विचारत नव्हती. खोटं बोलवेना आणि खरं मला ठाऊक नव्हतं. "कोणी येईल का ते मला माहीत नाही," मी म्हटलं.

"आलं तं?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो भाकरीचा तुकडा मोडत होता. मान वर न करता, जसं काही रोजच कोणी तरी दारात येतं, तसं म्हणाला, "आलं तं त्यालेबी जेवू घालू. लेकरू घेऊन जाऊ देनार नाई. पन आलेल्या मानसाले बसवू ना."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मीही. या उत्तराला किती जागा होती! तिचं मागचं सगळं, ज्यांना आम्ही ओळखत नाही ती माणसं, तिला आठवणारं आणि न आठवणारं, सगळं आमच्या ओट्यापाशी येऊन बसलं आणि तरी दाटी झाली नाही.

"मंग जहाज मोठं लागन," ती म्हणाली आणि भाजी मागितली.

पुढच्या प्रकरणात मी जहाज मोठं केलं. हेल्मेट कधी निघालं ते मी लिहिलंच नाही. एका प्रकरणात ते होतं, पुढच्यात लेकराच्या केसांना तेल लावलेलं होतं. मग तिनं हट्ट धरला, त्या दोघांचं लग्न लावा. लावलं. वाचणाऱ्या खूश झाल्या. लग्नात अक्षता कशाच्या टाकायच्या हे तिनं ठरवलं: तारे नको, तांदूळच.

आदेशाचा दिवस आला तेव्हा आम्ही चौघं चंद्रपूरला गेलो. चौघं, कारण नानीशिवाय ती निघेना. गाडी बिघडली होती, म्हणून बसनं. कार्यालयात बराच वेळ बसवलं. साहेबांनी तिला जवळ बोलावून विचारलं, "हे तुझे कोण?" मला वाटलं, आता ती काय म्हणेल. ती म्हणाली, "हे माह्या घरचे हायेत," आणि खालांकडे बोट करून, "हे बी." साहेब हसले. सही झाली. बाहेर येऊन आम्ही झाडाखाली उसाचा रस प्यालो. खाला पदरानं डोळे पुसत होत्या, नवरा विनाकारण रसवाल्याला घाण्याविषयी विचारत होता.

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. ती नवऱ्याच्या दंडावर डोकं ठेवून झोपून गेली. तोंड उघडं, सगळा भार टाकून, जसं ज्याला कुठलाच रस्ता लक्षात ठेवायचा नसतो ते लेकरू झोपतं. बस खड्ड्यांतून उडत होती आणि तो हात जराही हलू देत नव्हता. थोडं पुढं गेल्यावर मी पाहिलं, त्याची बोटं पांढरी पडली होती.

"हात मेला ना?" मी विचारलं.

"केव्हाचाच."

"मग काढा ना जरा. मी धरते तिला."

"राहू दे," तो म्हणाला आणि खिडकीतून येणारं ऊन तिच्या डोळ्यांवर पडू नये म्हणून दुसऱ्या हातानं पडदा ओढून धरला.