वर्षभराची इंजेक्शनं

लातूरच्या एका क्लासमध्ये मी फिजिक्स शिकवायचो. क्लासवाल्यांनी रक्तदान शिबिर ठेवलं, तेव्हा पोरांची भीती मोडावी म्हणून पहिला मीच जाऊन खाटेवर पडलो. आठवड्याने रक्तपेढीतून फोन आला, एकटेच येऊन भेटा. तिथल्या बाईंनी दार लावून घेतलं आणि सांगितलं, हेपटायटिस सी. रक्तातून पसरतो, हळूहळू लिव्हर खातो.

"कधी रक्त चढवलं होतं का?"

चढवलं होतं. भूकंपात औसा तालुक्यातलं आमचं घर पडलं, तेव्हा मी बारावीला होतो. वडील आणि धाकटी बहीण जागीच गेले. मला दुपारी बाहेर काढलं, मांडी चेचलेली. दवाखान्यात अनोळखी माणसं रक्त द्यायला रांगेत उभी होती. चार बाटल्या चढल्या आणि मी वाचलो. आई त्या माणसांना मरेपर्यंत दुवा देत राहिली. तिला मी हे सांगितलंच नाही.

बायकोचं आणि मुलीचं रक्त तपासलं. दोघींत काही निघालं नाही. त्या महिन्यात तेवढंच बरं घडलं.

बायकोला घेऊन नांदेडला मोठ्या डॉक्टरांकडे गेलो.

"वर्षभर दर आठवड्याला एक इंजेक्शन, सोबत गोळ्या," ते म्हणाले. "ताप येईल, केस गळतील, मन खचेल. एवढं करून विषाणू जाईलच, असं मी म्हणणार नाही."

"नाही घेतलं तर?"

"कदाचित बरीच वर्षं काही होणार नाही. कदाचित होईल."

मग त्यांनी बाहेर बाकावर बसलेल्या एका पेशंटशी आमची गाठ घालून दिली. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. ते नांदेडातच शिलाईकाम करायचे.

"मी पुरं वर्ष काढलं, सर," चाचा म्हणाले. "हात असा थरथरायचा, सुईत दोरा जायना. जिंदगीत कधी बायकोवर हात उगारला न्हाई, तो उगारला. शेवटी रिपोर्ट साफ आला. आम्ही मिठाई वाटली. सहा महिन्यांनी परत तेच."

"परत घ्याल?"

"न्हाई. पण मी सांगून राहिलो म्हणून तुम्ही थांबू नका."

परतीच्या बसमध्ये बायको म्हणाली, "अहो, सुरू करू या."

मी म्हणालो, "एवढी बॅच होऊ दे."

ती बॅच गेली, दुसरी आली. त्या वर्षांत क्लासेस नुसते फुगत होते. पत्र्याच्या शेडची तीन मजली इमारत झाली. धर्माबाद, हिमायतनगरपासून पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन येत होती, आणि तापाने फणफणलेला मास्तर मालकाने महिनाभरही ठेवला नसता. लोकांना मी हेच कारण सांगितलं असतं. खरं म्हणजे चाचांचा उगारलेला हात डोळ्यांपुढून हलत नव्हता. मुलगी तेव्हा चार वर्षांची होती.

बायकोने दिवाळीत विचारलं, संक्रांतीला विचारलं. नंतर विचारायची थांबली. निर्णय झाला तो तेव्हाच. मी तोंडाने कधी नाही म्हणालो नाही.

काही वर्षांनी वर्गात शिकवता शिकवता मला रक्ताची उलटी झाली. पहिल्या बाकावरची मुलगी किंचाळत बाहेर पळाली. तोवर नुसत्या गोळ्यांचं नवं औषध निघालं होतं. तीन महिने घेतल्या. ताप नाही, काही नाही. विषाणू गेला.

"विषाणू गेला," डॉक्टर म्हणाले, "पण लिव्हर दगड झालंय. ते आता मऊ होणार नाही."

पोटात पाणी भरतं, काढावं लागतं, म्हणून मीठ बंद आहे. लिव्हर बदलायचं बोलणं निघालं. मुलगी आता कॉलेजात आहे. ती म्हणते, "बाबा, माझ्यातला तुकडा घ्या." मी नको म्हणतो. ती पुन्हा विचारते. बायको आमच्या दोघांकडेही बघत नाही. माझ्यापुरती बिनमिठाची भाजी काढते आणि माझं ताट वेगळं वाढते.