एसटीत वितळलेला सातपुडा

जळगाव स्थानकावरून मी सातपुडा मांडीवर घेऊन निघालो. खोटं वाटेल, पण सोबत अजिंठ्याचे डोंगर आणि अख्खी तापीही होती. मी घरच्या थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकमध्ये छापलेला, पाटाएवढा खानदेशचा उठावाचा नकाशा. कंडक्टर म्हणाला, "डोंगराला अर्धं तिकीट लागेल." मी म्हटलं, "नदीला महिला सवलत द्या मग!"

शिंदखेड्याजवळच्या एका शाळेत वंदना मॅडम इतिहास-भूगोल शिकवतात. मुलांनीच नकाशे, किल्ले, जुनी नाणी छापावीत म्हणून त्यांना शाळेतली रिकामी खोली या यंत्रासाठी हवी होती. शाळा समितीचे अध्यक्ष आबा तिथे मोडके बाक रचणार होते. नकाशा बघून आज काय ते ठरणार होतं.

एप्रिलचं ऊन. एरंडोलला खिडकीच्या दांडीवर भाकरी भाजता आली असती, आणि पारोळ्याच्या पुढे तर कावळे पायी चालताना मी स्वतः पाहिले. शेजारी सावद्याचे एक नाना होते, भाचीकडे केळीचा घड घेऊन निघालेले. उन्हात तापलेला नकाशा मांडीवर ठेवून मला डुलकी लागली. धुळ्याला डोळे उघडले, तर घड सातपुड्यावर विराजमान!

"नाना, हे काय केलंत?"

"मले वाटलं, केयीसाठीच ट्रे हाये," नाना म्हणाले आणि भरपाई म्हणून एक फणी माझ्या हातात दिली.

डोंगर बसले होते, तापीला पोक आलं होतं. स्थानकाबाहेर शेवभाजी खाल्ली. तर्री इतकी जहाल, की मी नेमका कशासाठी रडतोय ते कुणाला कळलं नाही.

शाळेत तापी वाहते का ते बघायला आबांनी नकाशाच्या पूर्वेला तांब्याने पाणी ओतलं. ते निम्म्या वाटेवरून माघारी फिरलं.

"मॅडम, तुमना यंत्रनी आमनी तापी उलटी फिरवी दिनी!" आबा गरजले. "बाकच बरा शेतस."

मॅडमचा चेहरा उतरला. पण क्षणभरच. "उन्हाने मऊ झाला ना? मग गरम पाण्यानेही होईल." खिचडीच्या चुलीवरून पाणी आलं. नकाशा बुडवला, काढला आणि मुलं त्यावर तुटून पडली.

"पांझरा आठे मिळस!" (पांझरा नदी तापीला इथे मिळते.)

"नही रे, तठे!" (तिथे.)

"संगम मना गावले शे, माले विचारा!" मुडावदची एक मुलगी ओरडली आणि तिने अंगठ्याने दरी दाबली.

आबांना राहवेना. "सरका रे बठ्ठा! (सगळे) सातपुडा असा ऱ्हास का?" (असा असतो का?) म्हणत ते पश्चिमेकडून वाकले आणि डोंगर चिमटीने वर ओढू लागले. मॅडमनी गार पाणी मारलं. नकाशा घट्ट झाला.

पुन्हा तांब्या ओतला. तापी सुसाट निघाली, पांझरेच्या तोंडावरून पुढे गेली आणि थेट आबांच्या धोतरात शिरली.

"आबा, तुम्ही सुरतमा बठेल शेतस!" (सुरतेत बसला आहात.) सगळा वर्ग खिदळला.

आबांनी धोतर पिळलं. "बाक व्हरांडामा ठेवा. खोली मॅडमले द्या."

परतीच्या बसमध्ये मांडी रिकामी होती. अंगठ्यांच्या ठशांचा तो वाकडा खानदेश शाळेने ठेवून घेतला. मी छापलेला नकाशा अगदी बिनचूक होता. त्याच्यावर कुणी भांडलं नसतं. म्हणून आता घरी पुढचा नकाशा छापायला लावलाय, त्यात नद्याच कोरल्या नाहीत. गरम पाण्याचं शाळेने बघावं.