टाकून दिलेल्या सुरळ्या

लॅबमध्ये तिला सगळे सावकाशबाई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. बत्तीस वर्षं तिचं काम एकच. ऑपरेशनमध्ये काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवलेला असतो; तो यंत्राला लावून केसाहून पातळ कापायचा, काप कोमट पाण्यावर सोडायचा आणि काचेवर अलगद उचलून घ्यायचा. सूक्ष्मदर्शकाखाली बघून सही करायची ती डॉक्टरीणबाईंनी. "आटपा हो लवकर," असं कुणी म्हटलं की ही फणकारायची, "मग या, बसा इथे!" कुणाची बिशाद होती बसायची!

त्या मंगळवारी मात्र फॉर्मवरचं नाव तिने दोनदा वाचलं. तिच्या थोरल्या जावेचं नाव होतं ते.

एका स्वयंपाकघरात दोघींनी सव्वीस वर्षं काढलेली. भांडायच्या कडाकडा, आणि एकीचं डोकं दुखलं की दुसरी निमूट चहा टाकायची. पण नको त्या जागी खाज सुटलीय, फोड आलाय, हे थोरलीने वर्षभर हिलासुद्धा सांगितलं नाही. लाज, दुसरं काय! योनिमुखाचा कॅन्सर निघाला. क्वचितच कुणाला होतो म्हणे, तो नेमका थोरलीच्या वाट्याला यायचा होता. फोड काढला, त्याबरोबर जांघेतली एक ग्रंथीही काढली. रोग पसरायला निघाला की आधी त्या ग्रंथीत शिरतो, म्हणून तिला पहारेकरी म्हणतात. ती स्वच्छ निघाली तर सुटलो. रोग असून कुणाला दिसला नाही, तर मात्र वर्षा-दोन वर्षांत माणूस हातचं जायचं.

ठोकळे दुसऱ्या कुणाला देता आले असते. पण ही हट्टाला पेटली, माझ्या माणसाचं मीच करीन. तिथेच चुकलं.

ग्रंथीच्या दोन अर्ध्या फोडी, दोन ठोकळे. आधी वरचं मेण जाडसर सोलून काढायचं आणि मांस दिसलं की थांबायचं. पहिल्याच ठोकळ्याला तिचे डोळे भरून आले आणि यंत्राचं चाक चार फेरे जास्त फिरलं. मेणाबरोबर ग्रंथीची कडही सोलली जाऊन सुरळ्या ट्रेमध्ये पडल्या. तिला कळलं, पण ती गप्प बसली. सुरळ्या केरात टाकायला हात होईना, म्हणून कागदात गुंडाळून खणात ठेवल्या. पुढचे काप दोन्ही ठोकळ्यांचे सुरेख आले.

बुधवारी डॉक्टरीणबाई हसत बाहेर आल्या. "ताई, काही नाही त्यात! सर्जनना फोन केलाय, आता रिपोर्टवर सही करते."

तिला आनंदाने रडूच फुटलं. घरी फोन लावावा म्हणून मोबाइल काढायला तिने खण उघडला, तर हाताला पुडी लागली. रोग ग्रंथीत शिरतो तो कडेने, हे तिने इतकी वर्षं ऐकलेलं. पुडी केरात गेली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता, आणि थोरली त्या दिवशी पोटभर जेवली असती.

"मॅडम, सही करू नका," ती म्हणाली. "माझ्या हातून चूक झालीय."

"तुमच्या हातून?" डॉक्टरीणबाई भडकल्याच. "आणि हे आज सांगताय?" तिने पुडी पुढे केली.

मग दोघी कामाला लागल्या. सुरळ्या ब्रशने उलगडल्या, पाण्यावर सोडल्या, रंगवल्या. जाड, सुरकुतलेल्या, अर्ध्या फाटक्या. त्यातल्या एकीच्या कडेला पेशींचा एक पुंजका होता, टाचणीच्या टोकाहून लहान. खात्रीसाठी दुसरा ठोकळा तिने शेवटपर्यंत कापला. अकराव्या कापात तसलाच पुंजका.

"नुकती सुरुवात आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आत्ता सापडलं म्हणून उपाय तरी आहे." हिला त्यातलं धड काही ऐकू आलं नाही.

शुक्रवारी सर्जनने थोरलीला सांगितलं की दुसऱ्या जांघेतल्या ग्रंथीही काढायच्या, मग किरणांचे उपचार. संध्याकाळी ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आधी स्वच्छ म्हणाले होते," ती म्हणाली. "कोण मेलं उकरत बसलं होतं कोण जाणे. वाटोळं होवो त्याचं."

धाकटी दारातच थबकली. खोटं बोलायला जीभ रेटेना. "वहिनी, मीच ती. आणि आधी चुकीचं कापलं, तेही मीच."

थोरली उठून बसली.

"रडत रडत कापलंस ना गं?"

"हो."

"मग आता आधी काय ते रडून घे," थोरली म्हणाली, "आणि मग पुढच्या ग्रंथी काप. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस."