आठ रविवारांची पिठीसाखर

“मशीन बिघडलंय तुमचं, दुसऱ्यावर तपासा,” मी लॅबच्या काउंटरवर ओरडत होते. भाईंदर पूर्वेतली ती लॅब म्हणजे दोन दुकानांमधला बोळ. तिथून माझा आवाज खारीगावात पोचला आणि तिथल्या कोंबड्यांनी भरदुपारी बांग दिली, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं. काउंटरवरची मुलगी शांतपणे म्हणत होती, आंटी, दो बार चेक किया है. आठ आठवडे औषध घेऊनही माझं व्हिटॅमिन डी होतं त्याहून खाली गेलं होतं. आमचे हे मागे उभे राहून भिंतीवरचं मधुमेहाचं पोस्टर वाचत होते. आमच्या घरात मधुमेह कुणालाच नाही.

तीन वर्षं माझं अंग दुखतंय. आणि घरात त्यावर कुणाचा विश्वास नाही, यात चूक माझीही आहे. मी जन्मभर वाढवून सांगत आले. इंद्रलोक भागातल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मी दहा मिनिटं अडकले होते, ते सांगता सांगता तीन दिवसांवर आणि शेजारणीच्या बाळंतपणापर्यंत नेलं. त्यामुळे केस विंचरताना खांदा पेटतो, अंगावरची चादरसुद्धा टोचते, हे मी मोजूनमापून, एक शब्द जास्त न घालता सांगितलं, तेव्हा मुलीने त्यातलं निम्मं वजा केलं आणि जाऊबाईंनी पाऊण. ह्यांनी मात्र काहीच वजा केलं नाही. निदान मला तसं वाटलं.

डॉक्टरांनी नाव सांगितलं, फायब्रोमायल्जिया. माझी तर छाती फुगली. एवढ्या लांबलचक नावाचं दुखणं खोटं कोण म्हणेल? रक्तातली सूज दाखवणाऱ्या तपासण्या ठीक आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, या आजारात बहुतेकदा असंच येतं, त्यावरून दुखणं खोटं ठरत नाही. व्हिटॅमिन डी मात्र तळाला गेलंय. ते भरून काढू, काहींना त्याने थोडा आराम पडतो, पण वचन देत नाही. आठवड्याला एक पुडी, दुधातून. उन्हातही बसा म्हणाले. समोरचा टॉवर उभा राहिल्यापासून ऊन आमच्या खिडकीत फक्त चौकशीला येतं.

पुडीचं काम ह्यांनी अंगावर घेतलं. तीस वर्षांत ज्यांनी गॅस पेटवला नाही, ते दर रविवारी दूध तापवून, ढवळून, पेला माझ्या हातात देत. औषध चांगलं गोड होतं. तिसऱ्या रविवारी त्यांनी विचारलं, काही फरक? दुखणं तसूभर हललं नव्हतं. पण पेला घेऊन उभा असलेला तो चेहरा बघून मी म्हणाले, हलकं वाटतंय. पाचव्या रविवारी तर गच्चीवर चढून उन्हात बसून आले म्हणून सांगितलं. गच्चीला वर्षभर कुलूप आहे. त्यांच्या ते कसं लक्षात आलं नाही, याचं मला नवल वाटलं.

लॅबमधून निघून रिक्षात बसलो, तेव्हा रिक्षावाल्याच्या पाठीकडे बघत ह्यांनी सांगितलं. पेल्यात पुडी नव्हतीच. पिठीसाखर होती, आठही रविवार. सूज नाही म्हणजे सगळं मनाचं, असं त्यांनी धरलं होतं. म्हटलं, बघू तरी.

“साखरेनेच तुला हलकं वाटायला लागलं,” हे म्हणाले, “मग मी काय समजायचं?”

मुलीला माहीत होतं. जाऊबाईंना माहीत होतं. मी नसलेला एक ग्रुप होता, त्यावर माझं ‘हलकं वाटतंय’ तिसऱ्या रविवारीच जाऊन पडलं होतं.

इंद्रलोकच्या वळणापर्यंत मी खड्डे मोजले, सतरा, आणि यात काही वाढवलेलं नाही. प्रत्येक खड्ड्याला मांड्या ठणकत होत्या. तुमचं मन राखायला खोटं बोलले, हे सांगायचं होतं. पण माझं खोटं तेवढं ह्यांनी खरं धरलं होतं आणि खरं खोट्यात टाकलं होतं. आता हे तिसरं कुठल्या खात्यात गेलं असतं?

गेटपाशी उतरताना एवढंच विचारलं, “मग खऱ्या पुड्या कुठे आहेत?”

“मी घेतल्या,” हे म्हणाले. “वाया कशाला घालवायच्या. गुडघ्याला जरा बरं आहे.”